‘त’ आणि ‘ट’ : उच्चारशिक्षणाचा इतिहास

उच्चाराविषयीची चिंता भारतात फार जुनी आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी एक कथा सांगितली आहे : असुरांनी ‘र’च्या जागी ‘ल’ उच्चारला आणि त्यांचा पराभव झाला. व्याकरण का शिकावे, या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांपैकी हे एक.

वेदपठण गुरुमुखातून चाले. परंतु काळाच्या ओघात लोकांची बोलभाषा मंत्रांच्या भाषेपासून दूर जात होती. प्रातिशाख्यकारांनी कानाच्या जोडीला शरीराचे ज्ञान आणले. प्रत्येक वर्णाचे मुखातील स्थान आणि त्यासाठी लागणारा प्रयत्न त्यांनी नोंदवला. जिभेचे टोक दातांच्या मुळाशी टेकले की ‘त’. मागे वळून मूर्ध्याला लागले की ‘ट’. कंठ उघडा असता श्वास, आवळलेला असता नाद. म्हणून ‘त’ अघोष आणि ‘द’ घोष. अमेरिकन संस्कृतज्ञ विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनी अथर्ववेदाचे प्रातिशाख्य १८६२ मध्ये आणि तैत्तिरीय प्रातिशाख्य १८७१ मध्ये अनुवादासह प्रसिद्ध केले. त्यामुळे पाश्चात्त्य अभ्यासकांना हे विवेचन इंग्रजीत उपलब्ध झाले.

पुढे शतकभराने याच ‘त’ आणि ‘ट’ यांनी शिशुविज्ञानाला एक महत्त्वाचा शोध दिला. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये कॅनडातील इंग्रजीभाषक घरांतल्या बाळांना हे हिंदी ध्वनी ऐकवले. ध्वनी बदलताच बाळाने मान वळवली, तर त्याला हलते खेळणे दिसे. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा भेद कळला. दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना कळला. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांमध्ये मात्र तो वर्षअखेरीसही टिकून होता.

पहिल्या भाषेचे उच्चार मूल ऐकता ऐकता आत्मसात करते आणि त्याच ओघात परक्या ध्वनींकडे त्याचा कान दुर्लक्ष करू लागतो. म्हणूनच मोठेपणी नवी भाषा शिकणारा अडखळतो, तेव्हा तो त्याच्या बुद्धीचा दोष नसतो. कित्येकदा तो भेद त्याला नीट ऐकूच येत नसतो. सरावाने ही क्षमता काही प्रमाणात परत मिळवता येते. अशा विद्यार्थ्याला केवळ ‘पुन्हा म्हण’ असे सांगून भागत नाही. जीभ कोठे लावायची, हेही दाखवावे लागते. प्रातिशाख्यांनी नेमके तेच केले होते. कंठापासून ओठांपर्यंत येणारा ‘क’ ते ‘म’ हा वर्णक्रम बालवर्गांत आजही म्हटला जातो. तो उच्चारस्थानांचा नकाशाच आहे.