बदल होताच परीक्षा

केंब्रिज येथे १९४९ साली ‘एडसॅक’ हा संगणक चालू झाला, तेव्हा त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स यांना जिन्याच्या वळणावर एक सत्य उमगले. आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच मोठा भाग आपल्याच आज्ञावलींतील चुका हुडकण्यात खर्ची पडणार! चूक होणे हा मनुष्यधर्मच. पण एक ओळ सुधारावी तो दूरची दुसरी बिघडावी, आणि ते उघडकीस यावे तेव्हा मूळ बदलाचे स्मरणही उरलेले नसावे, ही या विद्येची खास व्यथा होय.

तिच्यावरचा एक जुना उतारा निव्वळ वैतागातून जन्मला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ च्या सुमारास स्टीव्ह जॉन्सन हे दैवाला बोल लावीत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. निर्दोष आज्ञावलीतील दोष शोधण्यात त्यांची सारी सकाळ वाया गेली होती. दोष त्यांनी आधीच काढला होता. मात्र सुधारलेल्या मजकुराचे यंत्रभाषेत पुन्हा रूपांतर करून घ्यावयाचे राहिले होते, आणि यंत्र बापडे जुनेच रूप इमानाने चालवीत होते. आदल्याच सायंकाळी फेल्डमन यांच्यावरही हाच प्रसंग गुदरला होता. त्यांनी ‘मेक’ रचले. मूळ फाईलवरील वेळ रूपांतरित फाईलवरील वेळेहून अलीकडची असेल, तर तेवढाच भाग पुन्हा घडवावयाचा, एवढाच त्याचा नेम. घड्याळ पाहण्याइतकी साधी ही युक्ती आजही वापरात आहे.

केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात ‘जेयुनिट’ लिहिले. अमुक दिले असता तमुक उत्तर आलेच पाहिजे, अशा परीक्षा आज्ञावलीच्याच रूपात लिहिण्याची प्रथा त्यामुळे फोफावली. सारे जुळले की हिरवी पट्टी. एक जरी चुकले तरी तांबडी. सोय उत्तम खरी, परंतु परीक्षा घेण्याची आज्ञा मनुष्यानेच द्यावयाची, आणि घाईच्या दिवशी तो नेमका तिलाच फाटा देतो.

एमआयटीतील डेव्हिड सॅफ व मायकेल अर्न्स्ट यांनी २००३ च्या सुमारास या दुर्बलतेवरच बोट ठेवले. परीक्षा घ्यावी की नाही, हा निर्णयच त्यांनी मनुष्याच्या हातून काढून घेतला. लिहिणारा लिहीत असता संगणक आपल्या रिकाम्या क्षणांत परीक्षा पुन:पुन्हा घेत राहतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, ही सोय लाभलेल्या विद्यार्थ्यांनी मुदतीत काम पुरे करण्याची शक्यता ती नसलेल्यांच्या तिप्पट आढळली. प्रयोग लहान, विद्यार्थ्यांपुरता. तरी नोंद घ्यावी असाच.

२००५ साली लिनक्समध्ये ‘आयनोटिफाय’ ही व्यवस्था आली आणि फाईल बदलल्याची वर्दी मिळविणे सुकर झाले. अडचण उरली ती वेळेची. परीक्षा हजारोंनी वाढल्या, तर निकाल येईपर्यंत लिहिणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे वळते. म्हणून ‘जेस्ट’सारखी साधने बदललेल्या फाईलींशी संबंध असलेल्याच परीक्षा निवडतात, आणि आज्ञावली मागच्या खेपेस जिच्यात अनुत्तीर्ण झाली, त्या परीक्षेला पहिला मान देतात.