सरस, फेव्हिकॉल आणि आजीची पेटी

मागच्या दिवाळीत बीडला घरी गेलो, तेव्हा आजीची सागवानी पेटी दुरुस्त करून घेतली. खरं तर बिघडवून घेतली. मिस्त्रींनी मशीन फिरवून वरचा जुना थर काढला, हललेल्या सांध्यांत पांढरा गोंद भरला, वर स्क्रू पिळले. पेटी कोरी करकरीत. आजी म्हणाली, "ही माझी न्हाई." मला राग आला होता, पण मिस्त्रींना वेगळं काही शिकवलं होतं कुणी?

गावगाड्यात सुतार बलुतेदार होता. त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा' (1915) या पुस्तकात ही व्यवस्था तपशिलात सापडते. शेतकरी वर्षाचं धान्य द्यायचा, सुतार नांगर-तिफण चालू ठेवायचा. गंमत बघा, मजुरी नगावर नव्हती. तेच अवजार पुन्हा मोडलं तर काम सुताराचंच वाढणार, म्हणून दुरुस्ती टिकण्यात त्याचाच फायदा. आमच्या भाषेत वार्षिक मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट! पोरगं बापाशेजारी बसून हे शिकायचं. अर्थात जातीबाहेर धंदा मिळत नव्हता, त्यामुळे त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही.

सांध्याला तेव्हा सरस लावत. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला, गरम करून वापरायचा, वास नकोसा. पण गरम पाणी दिलं की सुटतो. 1959 मध्ये फेव्हिकॉल आला, त्याला चूल लागत नव्हती. सुतारांनी तो उचलला यात नवल काय? फक्त वाळलेला सांधा पुन्हा उघडणं अवघड झालं. आणि जुन्या फर्निचरचं संवर्धन करणारे आधी हेच विचारतात की आज केलेलं उद्या काढता येईल का. थोडक्यात, कंट्रोल-झेड.

हे शास्त्र शिकायचं तर लखनौला 1976 पासूनची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, दिल्लीत एमए आहे. एमएला आधी पदवी हवी. आमचे मिस्त्री दहावी नापास. पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला, म्हणजे नेमकी आपल्या मुक्तिसंग्राम दिनी, सुरू झाली. तीत सुतार आहेत, रोज 500 रुपये विद्यावेतन आहे, पण मूलभूत प्रशिक्षण पाच-सात दिवसांचं. तेवढ्यात जुनं लाकूड वाचायला कधी शिकणार?

परवा मिस्त्रींना फोन केला. त्यांच्या वडिलांचं सरसाचं पातेलं अजून माळ्यावर आहे म्हणे. पुढच्या सुट्टीत आम्ही दोघं एका मोडक्या स्टुलावर सरस लावून बघणार आहोत. आजीच्या पेटीला मात्र सध्या कुणी हात लावायचा नाही, असा तिचा हुकूम आहे.