तबकडीतला दगड

लहानपणी माझ्या हातून अब्बांची एक तबकडी फुटली. चावीच्या फोनोवर वाजणारी, बालगंधर्वांच्या पदाची. अब्बा रागावले नाहीत. खाली बसून तुकडे वेचत एवढंच म्हणाले, ‘लाखेची होती, बेटा.’ वरून काळीभोर, चकचकीत दिसणारी ती तबकडी तुटल्या कडेला मात्र दगडासारखी खरखरीत होती.

पुढे वाचनात आलं, की अब्बांचं म्हणणं अर्धंच खरं होतं. अशा तबकडीत लाख असायची जेमतेम तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही कमी. बाकी बहुतेक दगडाची पूड. शाळेतल्या पाटीचा तो दगड आणि चुनखडी. जोडीला सुती तंतू नि रंगासाठी काजळी. पळस, कुसुम, बोर या झाडांवरचा इवलासा किडा लाख तयार करतो. ती तापली की मऊ, निवली की घट्ट. निसर्गानं दिलेलं प्लास्टिकच म्हणा ना!

एमिल बर्लिनर यांच्या सुरुवातीच्या तबकड्या कडक रबराच्या होत्या. त्या नीट जमेनात. मग १८९०च्या दशकात गुंड्या बनवणाऱ्यांकडचं लाखेचं मिश्रण त्यांच्या कामी आलं. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान गायल्या. त्यांच्या आवाजाचे मेणावरचे ठसे जर्मनीत हॅनोव्हरला गेले आणि तिथून तबकड्या होऊन परतले. लाख मुख्यतः आपल्याकडचीच. ती परदेशी जायची आणि गाणं घेऊन माघारी यायची. १९०८मध्ये कलकत्त्यातच, सियालदाला, कारखाना निघाला.

पण दगड कशाला? स्वस्त म्हणून, हे खरंच. पण तेवढंच नव्हे. पोलादी सुई आणि तिच्यावरचा जड भार नुसत्या लाखेला सोसला नसता. पुडीमुळे तबकडीला कणखरपणा आला. उलट सुईच घासली जाऊन खाचेच्या आकाराची होई. म्हणून तर दर बाजूला नवी सुई लावायची. गाण्यामागची ती खरखर, ती बरीचशी या दगडाचीच.

दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली. १९४२मध्ये अमेरिकी सरकारनं तिच्या वापरावर बंधनं घातली. जुन्या तबकड्या गोळा करून, दळून नव्यांत मिसळल्या गेल्या. त्यात कुणाकुणाचे सूर दळले गेले असतील, या विचारानं आजही जीव कळवळतो. १९४८मध्ये व्हिनाइलची लाँग प्ले आली आणि हळूहळू दगडाचं काम संपलं.

संपलं तरी कुठे? आजच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांत, पाइपांत चुनखडीची पूड असते. आपण तिला सरसकट भेसळ म्हणून मोकळे होतो. मला तसं म्हणवत नाही. अब्बांनी वेचलेला एक तुकडा माझ्याकडे आहे. त्याच्या कडेवरून बोट फिरवलं की वाटतं, गायले बालगंधर्व, नाव झालं लाखेचं, आणि ओझं वाहिलं ते दगडानं.