मानोरा परिसरातील शेती व पशुपालन

महाराष्ट्राच्या वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्याची कृषिपरंपरा ज्वारी व गुरे या दोहोंवर उभी राहिली. प्राचीन वऱ्हाडाचा हा भाग १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात मोडत असे. तालुक्यातून अरुणावती नदी वाहते. सखल भागातील काळी जमीन कसदार, तर माळाची जमीन उथळ व बरड आहे. शेती मुख्यतः पावसावर अवलंबून असते.

कुणबी आदी शेतकरी समाजांबरोबरच बंजारा (लमाण) समाजाचा या परंपरेत मोठा वाटा आहे. बैलांच्या पाठीवर गोणी लादून धान्य व मीठ वाहून नेणे (लदेणी) हा त्यांचा मूळ व्यवसाय. १८०३ मधील वऱ्हाडच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या सैन्याची रसदही बंजाऱ्यांच्या तांड्यांवर अवलंबून होती. बैलांची पैदास व गुरांची राखण ही कौशल्ये या व्यवसायातूनच वाढली. तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी असून ते गोपालक होते, अशी परंपरा सांगते.

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि लदेणीचा व्यवसाय झपाट्याने खालावला. त्याच सुमारास वने राखीव होऊन चराईवर निर्बंध आले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा फिरत्या समाजांकडे संशयाने पाहण्याचे धोरण रूढ केले. तो १९५२ मध्ये रद्द झाला. या परिस्थितीत तांडे हळूहळू स्थिरावले आणि बहुतेकांच्या वाट्याला शेतमजुरी किंवा माळाची हलकी जमीन आली.

येथील जुन्या शेतीचे मर्म धान्य व चारा यांच्या परस्परसंबंधात होते. ज्वारीचे कणीस माणसाला, तर कडबा गुरांना मिळे. गुरे शेणखत, दूध व औतासाठी बैल पुरवीत. ज्वारीत तूर, मूग, उडीद यांची मिश्र पेरणी केल्याने पावसाने दगा दिला, तरी एखादे पीक हाती लागे. वखर, तिफण व डवरा ही मुख्य अवजारे होत. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला मागणी वाढून वऱ्हाडात त्याखालील क्षेत्र विस्तारले. मात्र कापूस रोख पैसा देई, वैरण देत नसे.

शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुली येथे जन्मलेले वसंतराव नाईक (१९१३–७९) हे बंजारा समाजातील नेते १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या कारकीर्दीत संकरित ज्वारीचा प्रसार झाला. अकोल्यास १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. संकरित वाणांमुळे धान्योत्पादन वाढले, तथापि त्यांची ताटे आखूड असल्याने कडबा घटला. पुढे सोयाबीनने ज्वारीचे बरेचसे क्षेत्र व्यापले. सोयाबीनच्या कुटारास कडब्याची सर येत नाही. चराऊ रानेही आटली, ट्रॅक्टर आल्याने बैलांची गरज कमी झाली आणि दुग्धव्यवसाय पश्चिम महाराष्ट्राच्या तुलनेने मर्यादितच राहिला.

या स्थित्यंतरात रोख उत्पन्नाची संधी वाढली. परंतु धान्य, चारा व खत घरीच मिळण्याची जुनी सोय गेली आणि बाजारभावावरील अवलंबन वाढले. पोहरादेवी येथे २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय सुरू झाले. तांड्याचा इतिहास तेथे जतन होईल. ज्वारी व गुरे यांची जोड मात्र शेतातच टिकवावी लागेल. कोरडवाहू भागासाठी तिचे महत्त्व आजही कमी झालेले नाही.