क्लबमधला तालवादक: डीजेच्या ठेक्यावर हाताने वाजवणाऱ्यांची कारकीर्द

डीजे गाणी लावत असताना त्याच्या शेजारी उभे राहून कोंगा, बोंगो, टिंबाले, जेंबे, तबला किंवा ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या कलाकाराला क्लबच्या जगात लाइव्ह परकशनिस्ट म्हणतात. गाण्यात ड्रम आधीच भरलेले असतात, तेही मशीनचे, एका ठोक्याचीही चूक न करणारे. मग हा माणूस कशासाठी? या व्यवसायातल्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो, आणि त्याच्या उत्तरावरच त्याचे पोट अवलंबून असते.

बहिणाबाई चौधरींचे माहेर असलेल्या जळगावजवळच्या असोद्यात किंवा खानदेशातल्या कुठल्याही गावात याचे उत्तर समजावून सांगावे लागत नाही. वरातीत डीजेच्या गाडीवर कितीही मोठा साऊंड लावलेला असो, पुढे ताशावाल्याने काडी फिरवली की नाचणाऱ्यांचे घोळके त्याच्याकडे सरकतात. कानबाईच्या विसर्जनाच्या मिरवणुकीतही हेच दिसते. मशीन ठेका देते, पण समोरच्याकडे बघत नाही. वाजवणारा माणूस बघतो. कोण दमले, कोण रंगात आले हे ओळखून तो हात वाढवतो किंवा आवरतो. नाइटक्लबमध्ये त्याला पैसे मिळतात ते याच बघण्याचे.

खाली नसलेला ताल

क्लबमध्ये सर्वाधिक चालणाऱ्या हाऊस संगीताची लय साधारण मिनिटाला १२० ते १२८ ठोक्यांची असते. चारही मात्रांवर खर्जातला एकसारखा ‘धप्’ पडत राहतो. केरव्याशी तुलना केली की फरक लगेच कळतो. केरव्याच्या आठ मात्रांत पाचवीवर खाली येते, डग्ग्याची घुमारी थांबते आणि ताल श्वास घेतो. हाऊसच्या मूळ ठोक्याला अशी खाली नसते. तालवादक ती निर्माण करतो. दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत तो वाजवतो, काही जागा मुद्दाम रिकाम्या सोडतो, आणि त्यामुळे तोच यांत्रिक ठोका झुलायला लागतो. नवशिका इथेच फसतो: हात चालतात म्हणून तो सगळ्या जागा भरून टाकतो. जाणकार डीजे अशा वादकाला पुन्हा बोलावत नाही.

खरी परीक्षा असते ती ब्रेकडाऊनमध्ये. गाण्याच्या मधोमध खर्जातला ठोका अचानक काढून घेतला जातो, फक्त सूर तरंगत राहतात आणि लय धरण्याचे काम वादकाच्या हातावर येते. समजा लय १२५ ची आहे आणि ठोका ३२ आवर्तने, म्हणजे १२८ मात्रा गायब आहे. हा काळ सुमारे ६१ सेकंदांचा होतो. उत्साहाच्या भरात वादकाची लय १२५ वरून १२६ झाली, तर या एका मिनिटात तो जवळजवळ एक पूर्ण मात्रा पुढे जातो. मशीन आपल्या वेळेवरच परत येते, आणि ती भेट चुकली की शेकडो पावले एकदम अडखळतात. मैफलीत तबलजी आणि गायक एकमेकांना सांभाळून घेतात. इथे सांभाळून घेण्याचे काम एकाच बाजूला आहे.

यात हवासुद्धा आडवी येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटर लांबच्या स्पीकरचा ठोका वादकाच्या कानावर जवळपास २९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. १२५ च्या लयीत एका मात्रेचा चौथा भाग १२० मिलिसेकंदांचा असतो. त्याच्या पाव हिश्श्याइतकी ही चूक ऐकणाऱ्याला ‘काहीतरी ढिले आहे’ अशी जाणवते. म्हणून अनुभवी वादक मानधनाच्या आधी मॉनिटरचे विचारतो: आपल्या कानाजवळ वेगळा स्पीकर मिळणार आहे का?

वाद्याची निवडही खर्जावरूनच ठरते. तळाचा आवाज मशीनने आधीच व्यापलेला असतो, त्यात डग्गा मिसळला तर सगळे गढूळ होते. वरच्या पट्टीतला कोंगा, टिंबाले, दायाँ किंवा ताशा मात्र स्वच्छ ऐकू येतो. तबल्याची अडचण आणखी वेगळी. तो एका सुरात लावलेला असतो आणि डीजेची गाणी दर पाच मिनिटांनी पट्टी बदलतात. शिवाय मोठ्या स्पीकरांसमोर मायक्रोफोन ठेवला की शिट्टी बसते. ऑक्टोपॅडचे महत्त्व इथेच आहे. रोलँड या जपानी कंपनीने आठ पॅडचे हे यंत्र १९८५ मध्ये आणले. १९९८ चे एसपीडी-२० हे मॉडेल तर भारतातल्या ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्ट्यांत घरातल्या वस्तूसारखे रुळले. ढोलकी, ताशा, कोंगा, टाळ्या सगळे एका पाटीवर आले. त्यात एका माणसाला काम मिळाले आणि तीन-चार जणांचे गेले, हेही तितकेच खरे.

काळे, गुर्टू आणि लंडनचा सोमवार

मशीनच्या ठेक्यावर हाताचे वाद्य ही जोडी न्यूयॉर्कच्या डिस्कोच्या काळापासून दिसते. तिथे लॅटिन अमेरिकी कोंगा नृत्यसंगीतात भिनलेला होता. ब्रिटनमध्ये एम पीपल या गटातला शोव्हेल हा तालवादक पुढे क्लबांतून डीजेंबरोबर वाजवत राहिला. तबल्याला या जगात मानाची जागा मिळाली ती १९९० च्या दशकात. तबलावादक तल्विन सिंग यांनी लंडनच्या हॉक्स्टन भागातल्या ब्लू नोट क्लबमध्ये ‘अनोखा’ ही रात्र सुरू केली, तीही सोमवारी, जेव्हा क्लब ओस पडलेले असतात. त्यांच्या ‘ओके’ या अल्बमला १९९९ मध्ये मर्क्युरी पुरस्कार मिळाला.

मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे नाव अटलांटिकच्या पलीकडचे आहे. कर्ष काळे, पूर्ण नाव उत्कर्ष, यांचा जन्म १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमविचचा. ते वाढले न्यूयॉर्कमध्ये. ड्रम आणि तबला ही दोन्ही वाद्ये हाताशी असल्याने त्यांनी तबल्याची वर सांगितलेली अडचण मुळातूनच सोडवली: तबल्याचा आवाज विजेवर घेतला आणि गिटारवादक करतात तशा इफेक्टच्या पेट्यांतून तो फिरवला. गोंगाटात हरवणारे वाद्य त्यामुळे क्लबच्या साऊंडसमोर उभे राहू शकले. पण काळे यांच्या कारकिर्दीत वाद्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट आहे. ते दुसऱ्याच्या गाण्यावर वाजवणारे राहिले नाहीत. ‘रिअलाइझ’ (२००१), ‘लिबरेशन’ (२००३) आणि ‘ब्रोकन इंग्लिश’ (२००६) हे त्यांचे स्वतःचे अल्बम आले. २००७ मध्ये अनुष्का शंकर यांच्याबरोबर ‘ब्रीदिंग अंडर वॉटर’ झाला. दिल्लीच्या मिडिव्हल पंडित्झ या जोडीबरोबर त्यांनी ‘कार्तिक कॉलिंग कार्तिक’ (२०१०) चे पार्श्वसंगीत केले. ‘गली बॉय’मधल्या ‘ट्रेन साँग’च्या संगीतातही त्यांचा वाटा आहे.

मुंबईचे त्रिलोक गुर्टू वयाने आणि कामाने आधीचे. बेळगावात जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे ते चिरंजीव. त्यांची मुख्य वाट जॅझची, पण ‘चिल्ड्रन’ या धूनने १९९० च्या दशकात जगभरचे क्लब गाजवणाऱ्या रॉबर्ट माइल्स यांच्याबरोबर २००४ मध्ये त्यांनी एक पूर्ण अल्बम केला. गंमत म्हणजे झाकीर हुसेन, गुर्टू, तल्विन सिंग आणि काळे हे चौघेही ‘तबला बीट सायन्स’ या प्रकल्पाच्या २००० सालच्या ‘ताला मॅट्रिक्स’ या एकाच अल्बमवर ऐकायला मिळतात.

सुपारी रात्रीपुरती

अल्बमचा एवढा हिशेब मांडण्याचे कारण पैशात आहे. क्लबमध्ये काय किंवा खानदेशातल्या लग्नात काय, वादकाची सुपारी त्या रात्रीपुरती असते. डीजेने लावलेले गाणे दुसऱ्याचे. त्यावर वादकाने कितीही सुंदर हात फिरवला तरी त्या गाण्यात त्याचा हिस्सा तयार होत नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क भक्कम केला. क्लबमधला वादक मात्र त्या रात्री यांपैकी कोणीच नसतो. हात दुखावला की उत्पन्न बंद. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि चातुर्मासात थांबते. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद ठेवण्याचा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहेच. म्हणून असोदा-जळगाव पट्ट्यातला ऑक्टोपॅडवाला बहुधा गणपती-नवरात्र, लग्ने आणि मधल्या काळात दुसरा एखादा धंदा अशी मोट बांधतो. बंद सभागृहातले किंवा क्लबमधले काम त्याला परवडते ते यासाठी की तिथे दहाच्या ठोक्याला वीज तोडली जात नाही.

एक भांडवल मात्र दर रात्री खर्च होते, ते म्हणजे कान. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सहन होतो. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०१ डेसिबलला ती २० मिनिटांच्याही आत येते, तीही आख्ख्या आठवड्याची. वादक स्पीकरांच्या गराड्यात तीन-चार तास उभा असतो. सर्व पट्ट्यांचा आवाज सारखाच कमी करणारे संगीतकारांचे इअरप्लग मिळतात. ते लावले की सुरुवातीला स्वतःचाच हात परका वाटतो, म्हणून बरेच जण खिशातच ठेवतात. सकाळी कानात घूं-घूं सुरू असेल तर त्या रात्रीची किंमत सुपारीत धरलेली नव्हती, असे समजावे.