खारे पाणी बाहेर, गोडे पाणी आत

जल व मृद्संधारण म्हटले की राळेगणसिद्धी, हिवरेबाजार ही नावे आणि उतारावरचे समपातळी चर डोळ्यांसमोर येतात. पालघर तालुक्यातील माकुणसार परिसरात मात्र या शब्दांचा अर्थ बराच वेगळा आहे. पश्चिम रेल्वेच्या सफाळे आणि केळवे रोड स्थानकांच्या पश्चिमेस असलेल्या या खाडीकाठच्या पट्ट्यात पावसाची कमतरता नाही. वार्षिक सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या पुढे जाते. येथे जमीन राखायची असते ती भरतीच्या पाण्यापासून.

खाडीच्या भरतीरेषेखाली येणाऱ्या शेतजमिनीस खारभूमी म्हणतात. मातीचा बांध घालून ती भातशेतीखाली आणली जाते. बांधात ठरावीक अंतरावर उघाडी ठेवलेली असते. तिची झडप खाडीच्या बाजूने उघडते. भरतीच्या दाबाने ती आपोआप मिटते आणि ओहोटीला शेतात साचलेले पावसाचे पाणी तिच्यातून बाहेर पडते. हे पाणी जाताना मातीतील क्षारही धुऊन नेते, म्हणून पहिला जोरदार पाऊस झाल्याखेरीज येथे लावणीची घाई करून चालत नाही. क्षार सहन करणारे ‘पनवेल १’, ‘पनवेल २’ आणि ‘पनवेल ३’ हे भाताचे वाण पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने अशाच जमिनींसाठी विकसित केले आहेत.

बांध फुटण्यास मोठे उधाण लागतेच असे नाही. खेकड्याच्या बिळातून पाझर सुरू होतो आणि दुर्लक्ष झाल्यास पुढच्या उधाणाला तेथेच खांड पडते. एकदा खारे पाणी शिरले की जमीन पूर्ववत होण्यास दोन-तीन पावसाळे जातात.

बांधांचे काम शासनाने हाती घेतले ते आधी १९४८ च्या आणि नंतर १९७९ च्या खारभूमी कायद्यान्वये. खरी अडचण दुरुस्तीच्या विलंबाची आहे. खांड तशीच राहिली तर शेतात कांदळवन उगवते. मुंबई उच्च न्यायालयाच्या ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशानंतर कांदळवनाची तोड करता येत नाही. हा आदेश योग्यच होता, कारण बांधाबाहेरचे कांदळवन लाटांचा मारा झेलून बांधाचेच रक्षण करते. परंतु वेळेवर न बुजवलेल्या खांडीमुळे ज्याच्या भाताच्या खाचरात तिवरे उभी राहिली, त्या शेतकऱ्याची जमीन सातबाऱ्यावर उरते, कसता मात्र येत नाही.

दुसरी लढाई जमिनीखाली चालते. किनारपट्टीवर गोडे भूजल हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. ढोबळ हिशेबाने, समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी मिळते. साहजिकच विहिरीची पातळी उपशाने एक मीटर उतरली तर खालचे खारे पाणी कितीतरी अधिक वर सरकते. केळवे-माहीमच्या पानवेली आणि बागायतींना ही धास्ती कायमची असते. त्यामुळे पावसाळा सरताच ओहोळांवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेले वनराई बंधारे येथे केवळ पाणी साठवत नाहीत. मुरलेल्या पाण्याने ते खाऱ्या पाण्याला खाली दाबूनही ठेवतात.

मोठ्या साठ्यावर विसंबून राहण्याच्या मर्यादा जानेवारी २०२२ मध्ये दिसल्या. माहीम-केळवे लघु पाटबंधारे योजनेच्या झांझरोळी धरणाला गळती लागली आणि ऐन रब्बीच्या हंगामात साठा कमी करण्याची वेळ आली.