लहान मुलांना ट्रम्पेट-कॉर्नेट शिकवताना

गोव्यात पितळी वाद्यांचा आवाज कुणालाच नवा नाही. फेस्ताची मिरवणूक, कार्निव्हल किंवा लग्नाची वरात असली की ट्रम्पेट कानावर पडतोच. तरीही आपल्या मराठी घरांत मुलाला पेटी किंवा तबल्याच्या वर्गाला घालतात आणि त्याने ट्रम्पेटचा हट्ट धरला तर ‘बँडवाला व्हायचंय का?’ असे विचारून विषय संपवतात. हा लेख असा हट्ट धरणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी आहे.

थोडी पार्श्वभूमी

पोर्तुगीज राजवटीत चर्चशी जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन, गायन आणि वादन शिकवले जाई. त्या शिस्तीत तयार झालेले गोमंतकीय वादक मुंबईच्या जाझ बँडांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात त्यांचा वाटा होता. कोकणी गाण्यांना जाझचा बाज देणारे ख्रिस पेरी हेही ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवत. तेव्हा हे वाद्य कमी प्रतीचे नाही आणि आपल्या मातीला परकेही नाही.

सूर कसा निघतो

देव्हाऱ्यातला शंख ज्या तत्त्वावर वाजतो त्याच तत्त्वावर ट्रम्पेट वाजतो. नुसती फुंकर मारून आवाज येत नाही. मिटलेले ओठ हवेने थरथरावे लागतात आणि ती थरथर नळीत घुमून सूर होतो. म्हणून मुलाने आधी वाद्याशिवायच सराव करावा. ‘म’ म्हणताना मिटतात तसे ओठ मिटायचे, कोपरे घट्ट ठेवायचे आणि मधून हवा सोडायची. गाल फुगवायचे नाहीत. हे जमले की नुसता माउथपीस ओठांना लावायचा आणि त्यानंतर पूर्ण वाद्य हातात द्यायचे.

वय आणि दात

वयापेक्षा दात महत्त्वाचे. माउथपीस वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या आधारावर टेकतो. वरचे मधले दोन कायमचे दात साधारण ७ ते ८ व्या वर्षी आणि त्यांच्या शेजारचे ८ ते ९ व्या वर्षी येतात. दात हलत किंवा पडत असताना बसवलेली ओठांची ठेवण नवे दात आले की बदलते आणि मूल हिरमुसते. त्यामुळे ८-९ वर्षांपर्यंत थांबणे बरे. तोवर गाणे, ताल आणि स्वरलेखन शिकवावे, ते वाया जात नाही. दातांना तारा असतील तरी वाजवता येते, पण दंतवैद्याला आधी सांगावे. दमा किंवा हर्निया असल्यास डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

कोणते वाद्य

पितळी ट्रम्पेट साधारण १ किलोचा असतो आणि वजन पुढे जात असल्याने लहान मुलाचे हात दुखतात. कॉर्नेटची नळी जवळजवळ तेवढीच लांब, पण जास्त वेटोळी असते. त्यामुळे वाद्य अंगाजवळ राहते आणि धरायला सोपे जाते. प्लास्टिकचे ट्रम्पेट आणखी हलके असून पहिल्या वर्षाला पुरतात. बँडची वाद्ये बनवण्यासाठी मेरठ प्रसिद्ध आहे. तिथली स्वस्त वाद्ये घेताना शिक्षकांना सोबत न्यावे. तिन्ही व्हॉल्व्ह दाबल्यावर चटकन वर येतात का आणि सगळ्या सरकनळ्या हाताने निघतात का, एवढे तरी पाहावे.

पेटीशी नाते

नेहमीच्या बी फ्लॅट ट्रम्पेटचा ‘सा’ म्हणजे पेटीवरची काळी पाच. घरी पेटी असेल तर पालकांनाही सूर तपासता येतो. एकही व्हॉल्व्ह न दाबता, फक्त ओठांच्या ताणावर आणि हवेच्या वेगावर, खालचा सा, मग प, मग वरचा सा निघतो. सा ते प ही पहिली पाच स्वरांची पट्टी अशी वाजते:

- सा: काही दाबायचे नाही
- रे: पहिला आणि तिसरा
- ग: पहिला आणि दुसरा
- म: पहिला
- प: काही दाबायचे नाही

सा आणि प यांची बोटे एकच आहेत. कोणता सूर निघेल ते ओठच ठरवतात. मुलाला हवा असलेला सूर आधी गाऊन दाखवता आला, तर तो वाद्यातून लवकर सापडतो.

रोजचा सराव

सुरुवातीला रोज १० मिनिटे पुरेत आणि तीही ५-५ मिनिटांच्या दोन खेपांत. जेवढा वेळ वाजवले तेवढी विश्रांती द्यावी, कारण ओठ हेही स्नायूच आहेत. वरचा सूर निघेना की मुले माउथपीस ओठांवर दाबतात. पहिल्या वर्षात लागणारी सर्वांत वाईट सवय हीच. वाजवून झाल्यावर ओठांवर हलके वळ दिसले तर चिंता नको, पण ते खोल असतील आणि लवकर जात नसतील तर वाजवणे थांबवून शिक्षकांना दाखवावे. कार्यक्रम जवळ आला म्हणून एका दिवसात तासभर वाजवून घेऊ नये. शेजाऱ्यांसाठी सरावाची ठरलेली वेळ ठेवावी आणि आवाज दाबणारा म्यूट वापरावा.

निगा

- वाजवून झाल्यावर पाणी काढण्याची कळ दाबून आतले पाणी काढावे आणि वाद्य कोरड्या मऊ फडक्याने पुसावे. पावसाळ्यात तर हे चुकवूच नये.
- व्हॉल्व्हला त्याचेच तेल घालावे, खोबरेल नव्हे.
- देवाची भांडी घासतो तसे चिंच, आमसूल किंवा पावडर लावून घासू नये. वरचा लेप निघून जातो.
- माउथपीस तळहाताने ठोकून बसवू नये. अडकलाच तर पकडीने ओढू नये, दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावे.

पहिले काही महिने घरात सुरांपेक्षा भोंगाच जास्त ऐकू येईल. त्या काळात हसू नये आणि पाहुण्यांसमोर ‘वाजवून दाखव’ असेही म्हणू नये. मूल आपणहून पेटी उघडून काळी पाच लावून पाहू लागले, की सुरुवात नीट झाली असे समजावे.